जुना मिररलेस की नवा? नाशिकमध्ये पहिला कॅमेरा घेणाऱ्यांसाठी

सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. नाशिकमध्ये ज्याला म्हणून फोटोची आवड आहे तो सध्या एकच आकडेमोड करतोय. दुकानातला नवा कोरा कॅमेरा घ्यावा, की कुणीतरी वापरलेला पाच-दहा वर्षांपूर्वीचा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) निम्म्या पैशांत घेऊन उरलेले लेन्सला लावावेत?

माझं मत आधीच सांगते. फोटोच काढायचे असतील तर जुना कॅमेरा आजही उत्तम सौदा आहे. व्हिडिओ हे मुख्य काम असेल तर नव्याकडे जा. आणि ज्या कॅमेऱ्याचा माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती जोडणी, कंपनीने बंद केलाय तो कितीही स्वस्त मिळाला तरी दहादा विचार करा. याला थोडे अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

फोटोच्या बाबतीत जुना कॅमेरा मागे का पडत नाही, ते एका उदाहरणावरून कळतं. सोनी ए६००० हा २०१४ चा कॅमेरा, २४ मेगापिक्सेलचा. कॅनन आर५० हा २०२३ चा, तोही २४ मेगापिक्सेलचाच. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. ए६००० देतो ६००० बाय ४०००. म्हणजे बारा वर्षांपूर्वीचा सेन्सर आजच्या अल्बमला पुरून उरतो. शिवाय २०२३ मध्ये लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एआयवर चालणारं डिनॉइज आलं, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्याच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधला दाणेदारपणा आता बराच निघून जातो. पूर्वी आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता, जी वाढवली की दाणे वाढतात) ३२०० च्या पुढे मी ए६००० नेत नसे. आता ६४०० चा फोटोही छापायला देता येतो.

मग जुनं काय होतं? फोकसची समज, व्हिडिओ, आणि चार्जिंगचं पोर्ट. यातलं तुम्हाला काय लागतं, त्यावर सगळा निर्णय आहे.

सोनी ए६००० समोर कॅनन आर५०

संध्याकाळी रामकुंडावर आरती चालू आहे, उजेड झपाट्याने उतरतोय, समोर गर्दी हलतेय. ही परिस्थिती डोळ्यासमोर ठेवून दोघांची तुलना करू.

आर५० चेहरा ओळखतो, डोळा पकडतो आणि माणूस वळला तरी सोडत नाही. प्राणी, पक्षी, गाड्या यांचीही ओळख त्यात आहे. ए६००० मध्ये फोकसचे १७९ फेज डिटेक्ट (झटपट फोकस साधणारे) पॉइंट आहेत आणि सेकंदाला ११ फोटो निघतात. भर उन्हात तो आजही चपळ वाटतो. पण डोळ्यावरचा फोकस त्यात फक्त सिंगल मोडमध्ये चालतो, तोही वेगळं बटण दाबून धरल्यावर. माणूस चालायला लागला की तुम्ही आणि तुमचं नशीब. फोकसमध्ये आर५० सरळ पुढे आहे.

पण उजेडाचं गणित वेगळं आहे. आर५० बरोबर मिळणारी १८-४५ ची किट लेन्स एफ ४.५ पासून (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) सुरू होते आणि झूम केल्यावर ६.३ पर्यंत जाते. नव्या कॅमेऱ्यात सगळं बजेट संपवलेल्या माणसाकडे हीच एक लेन्स असते. ए६००० घेऊन वाचलेल्या पैशांत सिग्माची ३० एमएम एफ १.४ घेतली, तर ती या किटच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथे किट लेन्सला आयएसओ ६४०० लागेल तिथे हिचं काम ८०० च्या खालीही होतं. कुणी म्हणेल, कॅननच्या किटमध्ये स्टॅबिलायझर आहे. आहे, आणि तो तुमच्या हाताची थरथर सांभाळतो. आरती फिरवणाऱ्या पुजाऱ्याचा हात मात्र तो थांबवू शकत नाही. त्यासाठी शटरच वेगवान हवा आणि त्यासाठी उजेड हवा. म्हणून गोदाघाटावरच्या संध्याकाळी जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि चांगली लेन्स ही जोडी नव्या बॉडी-किटपेक्षा सरस फोटो देते, असं माझं ठाम मत आहे. कॅननसाठीही सिग्माच्या या लेन्स आता मिळतात. म्हणजे पैसे असतील तर आर५० आणि ३० एमएम हे सगळ्यात चांगलंच. प्रश्न बजेटचा आहे.

व्हिडिओत तुलना करण्यासारखं काही उरतच नाही. ए६००० मध्ये फोर-के नाही, बाहेरचा माइक लावायची सोय नाही, स्क्रीन पुढे वळत नाही, टचही नाही. आर५० मध्ये हे सगळं आहे, आणि फोर-के चित्र न कापता येतं. रील किंवा यूट्यूबसाठी कॅमेरा हवा असेल तर ए६००० चा विचार सोडून द्या.

या दोघांच्या मधली वाट म्हणजे सोनी ए६४००, २०१९ चा. डोळ्यावरचा फोकस चालत्या माणसावरही टिकतो, फोर-के आहे, माइकचं पोर्ट आहे, स्क्रीन वर उलटून समोर येते. बॅटरी मात्र तीच जुनी एनपी-एफडब्ल्यू५० आणि चार्जिंगचं पोर्ट मायक्रो-यूएसबी, त्यामुळे दोन जादा बॅटऱ्यांचे पैसे आधीच धरून ठेवा. वापरलेल्या कॅमेऱ्यांत पहिल्या कॅमेऱ्यासाठी एकच नाव द्या म्हणालात तर मी हेच देईन.

कॅनन एम५०: स्वस्त का मिळतो?

२०१८ चा एम५० बाजारात खूप दिसतो. हलका आहे, पूर्ण फिरणारी स्क्रीन आहे, माइक लागतो, रंग छान येतात. तरीही नवख्या माणसाला मी तो सुचवत नाही. त्याचा ईएफ-एम माउंट कॅननने बंद केला आहे. २०१२ पासून या माउंटसाठी कॅननने स्वतःच्या जेमतेम आठ लेन्स काढल्या आणि २०२२ मध्ये नव्या आरएफ माउंटचे आर७, आर१० आणून रस्ता बदलला. एम५० च्या लेन्स नव्या आर कॅमेऱ्यांवर अ‍ॅडॉप्टर लावूनही बसत नाहीत. उद्या बॉडी बदलायची म्हटली की लेन्सही विकाव्या लागणार, आणि घेणारा तुमच्याइतकाच घासाघीस करणार. फोर-के आहे खरं, पण त्यात चित्र बरंच कापलं जातं आणि फोकसही मंद होतो.

अपवाद एक. घरात आधीच्या डीएसएलआरच्या ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स पडून असतील तर अ‍ॅडॉप्टरने त्या एम५० वर ऑटोफोकससह चालतात. तेव्हा सौदा जमतो.

पैसे घेऊन काम करणार असाल तर

सोनी ए७ थ्री फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाला. लग्नाचं काम सुरू करणाऱ्या मुलामुलींसाठी नव्या क्रॉप-सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यापेक्षा हा जुना फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि त्याचं पहिलं कारण आहे कार्डाचे दोन स्लॉट. हळद पुन्हा लावता येत नाही, अंतरपाट पुन्हा धरता येत नाही. आर५० आणि निकॉन झेड५० टू दोन्हींत एकच स्लॉट आहे. कार्ड गेलं की त्या घराचा दिवस गेला. दुसऱ्याच्या लग्नाचे पैसे घेणाऱ्याने एका स्लॉटवर विसंबू नये, एवढं मी आग्रहाने सांगते.

दुसरं कारण बॅटरी. ए७ थ्रीची एनपी-एफझेड१०० एका चार्जमध्ये ७१० फोटो काढते असं कंपनीचं मोजमाप आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याहून जास्त निघतात. डोळ्यावरचा फोकस एप्रिल २०१९ च्या फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) ३.० नंतर फारच सुधारला, त्यामुळे घेतल्या घेतल्या फर्मवेअर कोणतं आहे ते तपासा.

एक गोष्ट मात्र शिकून घ्यावी लागते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि मंगल कार्यालयांत स्टेजवर स्वस्त एलईडीची रांग असते. अशा उजेडात सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावलं की फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण या पिढीचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सावकाश वाचला जातो. मेकॅनिकल शटर ठेवा, अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीवर उपाय करणारी सोय) चालू करा आणि जमेल तिथे शटर १/१०० वर आणा. म्हणजे मंत्र चालू असतानाही शटरचा आवाज होणार, हे धरून चला.

याची कमजोर बाजू म्हणजे ८-बिट व्हिडिओ. सिनेमॅटिक एडिटिंग करणाऱ्याला रंगांशी खेळायला जागा कमी पडते. आणि शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा. सोनीने या शटरची चाचणी सुमारे दोन लाख क्लिकपर्यंत केलेली आहे. लग्नाच्या एका दिवसात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात, आणि बाजारात आलेले बहुतेक ए७ थ्री लग्नांतूनच आलेले असतात. दीड लाखाच्या पुढचा घ्यायचा तर शटर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. बजेट त्याहून कमी असेल तर निकॉन झेड५ पाहा, २०२० चा. फुल-फ्रेम, बॉडीत स्टॅबिलायझर आणि दोन एसडी स्लॉट. सेकंदाला ४.५ फोटो ही गती वरातीत नाचणाऱ्यांसाठी कमी, पण विधींना पुरते.

पक्ष्यांसाठी आणि पावसासाठी

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणाऱ्यांसाठी माझं उत्तर उलटं आहे. चापडगावच्या मनोऱ्यावरून पाण्यात उभे रोहित (फ्लेमिंगो) टिपायला जुनी बॉडी चालेल. पण दलदलीवरून अचानक उठणारा ससाणा पकडायचा तर पक्षी ओळखणारा फोकस लागतो, आणि ते काम नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला झेड५० टू फार सुंदर करतो. लांब पल्ल्याच्या लेन्सवर मोठी रक्कम जाणारच असते, मग बॉडीत काटकसर करून हातचा क्षण घालवू नये.

अंजनेरी, हरिहर अशा पावसाळी भटकंतीसाठी वेगळाच एक जुना कॅमेरा सुचवते: ऑलिंपस ई-एम५ मार्क टू, २०१५ चा, १६ मेगापिक्सेलचा. योग्य सीलबंद लेन्स लावली तर भुरभुर पाऊस सहन करतो, आणि त्याचा पाच अक्षांचा स्टॅबिलायझर धबधब्याचे मंद शटरचे फोटो ट्रायपॉडशिवाय काढू देतो. पळत्या माणसावर त्याचा फोकस टिकत नाही, आणि यूएसबीने तो चार्जही होत नाही. कॅमेऱ्यांचा धंदा ऑलिंपसने सोडला असला तरी मायक्रो फोर थर्ड्स माउंट ओएम सिस्टिम आणि पॅनासॉनिक अजून चालवतात, म्हणून लेन्सची काळजी नाही. सिंहस्थाची स्नानं ऐन पावसाळ्यात आहेत. तेव्हा ए६००० असो की आर५०, दोघांनाही सील नाही आणि रेनकव्हर दोघांनाही लागणार. रंगपंचमीला रहाडीच्या (रंगीत पाण्याच्या हौदाच्या) काठावर तर यांतला कुठलाच कॅमेरा उघडा नेऊ नका.

घेताना काय पाहाल

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात वापरलेले कॅमेरे भरपूर असतात. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी तिनेच परत येता येतं. दुकानात चार नग एकाशेजारी एक ठेवून बघता येतात, हा त्या फेरीचा खरा फायदा. नाशिकमध्येच ओळखीच्या छायाचित्रकाराकडून मिळाला तर त्याहून उत्तम, कारण तो कॅमेरा कुठे-कसा वापरला गेला ते विचारता येतं.

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, तिला हात लावू नका. आपल्याकडे चार महिने बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा. डगमगली तर ती फुगली आहे. स्टॅबिलायझरवाली बॉडी असेल तर हातात धरून १/८ शटरला काही फोटो काढा आणि मोठे करून बघा.

सोनी घेताना मेन्यू उघडून भाषा बदलून पाहाच. जपानमध्ये विकलेल्या सोनी कॅमेऱ्यांत मेन्यू फक्त जपानी असतो आणि तो बदलता येत नाही. असे नग आपल्याकडेही फिरतात, आणि किंमत ऐकून माणूस भुलतो.

बिल मागा, आणि बिलावरचा सिरियल नंबर बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळवा. बिल नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. चोरीचा माल असला तर कॅमेराही जाईल आणि पैसेही.

किमतीबाबत मी एक सोपा नियम पाळते. वापरलेला ए६४०० लेन्ससकट नव्या आर५० किटच्या दोन-तृतीयांश किमतीच्या वर जात असेल तर नवा घ्यावा, कारण वॉरंटीचं मोल तेवढं आहेच. ए६००० साठी हीच रेषा निम्म्यावर धरा, आणि त्या निम्म्यात जादा बॅटरीही बसवा. ए७ थ्रीला हा नियम लागू नाही. तिथे तुलना नव्या क्रॉप-सेन्सर बॉडीशी करा, आणि दोन्ही सारख्याच किमतीला पडत असतील तर फोटोच्या कामासाठी ए७ थ्री उचला.