अर्धवट नोंदींची डिझेल स्विफ्ट : २०१५ च्या गाडीचे परीक्षण

कोल्हापूर पासिंगची, पहिल्याच मालकाच्या नावावर असलेली २०१५ ची मारुती स्विफ्ट व्हीडीआय मी पुण्यातील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून घेतली. मीटरवर १,०४,००० किलोमीटर होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी २०१९ पर्यंत, म्हणजे सुमारे ६२,००० किलोमीटरपर्यंत, व्यवस्थित होत्या आणि त्यापुढे कागदावर जवळजवळ काहीच नव्हते. ‘पुढे मालकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले’ असे विक्रेत्याचे म्हणणे होते आणि ते खोटेच असेल असे नाही. वॉरंटी संपली की बहुतेक मालक ओळखीच्या मेकॅनिककडे वळतात आणि तिथले बिल मिळालेच तर ते पॅडच्या कागदावर, किलोमीटरचा आकडा न लिहिता मिळते. तरीही ज्या कामाचा पुरावा नाही ते झालेलेच नाही असे धरून भाव ठरवावा, या मताचा मी आहे. मात्र कोणत्या कामाची नोंद नसली म्हणजे किती काळजी करावी, हे गाडीगणिक बदलते.

या स्विफ्टमध्ये फियाटकडून आलेले १,२४८ सीसीचे मल्टीजेट इंजिन आहे. हेच इंजिन डिझायर, अर्टिगा आणि विटारा ब्रेझामध्ये, तसेच टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्येही होते, त्यामुळे मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी त्याचे सुटे भाग आणि त्यात हात बसलेले मेकॅनिक आजही सहज मिळतात. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट नसून त्या जागी चेन असते आणि ती ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदलले गेले नाही तर चेन झिजते, सैल पडते आणि थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखडाट ऐकू येतो. चेन बदलण्याचे काम मोठे आणि खर्चिक असते. म्हणून या गाडीच्या बाबतीत हरवलेल्या नोंदींपैकी ऑइल बदलाच्या नोंदी सर्वांत महत्त्वाच्या ठरतात. ब्रेक पॅड कधी बदलले याचा कागद नसला तरी काही अडत नाही, कारण ते चाक काढून पाहता येतात. हीच फाइल रेनो डस्टरची किंवा १.५ लिटर डिझेल पोलोची असती तर मी जास्त कडक राहिलो असतो. त्या इंजिनांत बेल्ट असतो, तो बाहेरून धडधाकट दिसत असतानाही तुटू शकतो आणि तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच उघडावे लागते.

गाडी पाहायला जाताना ती सुरू करून ठेवू नका, असे मी विक्रेत्याला आधीच सांगितले होते, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून ती खरोखर थंड असल्याची खात्री करून घेतली. सुरू होताना आवाज स्वच्छ आला. ऑइल काळे होते, पण डिझेल इंजिनात नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काळे पडते, त्यामुळे डिपस्टिक पाहून मान डोलावणाऱ्या तज्ज्ञांकडे फारसे लक्ष देऊ नये. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली घट्ट गाळ साचला आहे का आणि चालू इंजिनावर ते झाकण काढले असता जोराने धूर बाहेर येतो का, या दोन गोष्टी अधिक बोलक्या आहेत. इथे दोन्ही बाबतींत गाडी ठीक निघाली. कूलंट मात्र तांबूस झाले होते, म्हणजे कोणीतरी वेळोवेळी नळाचे पाणी ओतले होते, आणि ‘सांभाळलेली गाडी’ हे वर्णन तिथे थोडे सैल पडले. डॅशबोर्डच्या कप्प्यात क्लच प्लेटचे आणि बॅटरीचे हाताने लिहिलेले बिल सापडले. क्लचच्या बिलावर किलोमीटर नव्हते, पण तारीख होती, आणि पेडल दाबून पाहता ती पटण्यासारखी वाटली.

गाडीला अपघात झाला होता का, ही नोंदींमधली पोकळी विम्याच्या जुन्या पॉलिसीने भरून काढली, आणि हा कागद खरेदीदार सहसा वाचत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’चा टक्का छापलेला असतो, तो एका क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. या गाडीच्या शेवटच्या पॉलिसीवर ५० टक्के होते. मालकाने स्वतःच्या खिशातून पत्राकाम करून घेतले असेल तर ते यात दिसणार नाही, हे खरे; पण बंपर, दरवाजे आणि काचांवरची निर्मितीची खूण एकमेकांशी जुळत असल्याने मोठा अपघात झाला नसावा असा निष्कर्ष मी काढला. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे नव्या मालकाला तो मिळत नाही. टायरच्या बाजूला छापलेल्या चार अंकांवरून आठवडा आणि वर्ष कळते; चारही टायर २०२२ चे निघाले.

विक्रेत्याने रंगीत छापलेला, बरोबरच्या खुणांनी भरलेला तपासणी अहवाल दिला. तो गाडी आज कशी आहे एवढेच सांगतो, गेली पाच वर्षे ती कशी वापरली गेली हे सांगत नाही, त्यामुळे नोंदींच्या जागी तो धरता येणार नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे असा नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ते पत्र या विक्रेत्याने मागताच दाखवले, ही जमेची बाजू. आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलेला होता, ई-चलन थकलेले नव्हते आणि नाव बदलण्याचे २९ व ३० क्रमांकाचे अर्ज पैसे देण्यापूर्वी सहीसह समोर ठेवले गेले. ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि चेनची जोखीम असा हिशेब मांडून मी मागणीतून ३५,००० रुपये कमी मागितले; विक्रेता २५,००० वर थांबला आणि मी ते मान्य केले.

ताब्यात आल्यावर हे सगळे द्रव आणि फिल्टर बदलून घेतले, आणि पुढचा ऑइल बदल १०,००० ऐवजी ५,००० किलोमीटरवर केला, म्हणजे आत साचलेली घाण लवकर निघून जावी. चालवायला गाडी अजूनही आवडण्यासारखी आहे. २,००० आरपीएमच्या खाली टर्बो जागा होत नाही, त्यामुळे चार माणसे आणि एसी घेऊन खंबाटकी चढताना दुसऱ्या गिअरवर यावेच लागते, पण सपाट महामार्गावर ती लिटरला वीसच्या आसपास अ‍ॅव्हरेज देते. खड्ड्यात पुढच्या डाव्या चाकाकडून येणारा आवाज लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला आधार देणाऱ्या खालच्या दांड्याच्या, रबरी बुशचा निघाला.

विक्रेत्याच्या सहा महिन्यांच्या वॉरंटीत हा बुश बसत नाही, कारण ती केवळ इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती आहे. शिवाय तिच्यातील एका अटीनुसार या काळातील प्रत्येक सर्व्हिसिंगचे पक्के, किलोमीटर लिहिलेले बिल सादर करावे लागते. पाच वर्षांचे एकही पक्के बिल दाखवू न शकलेल्या विक्रेत्याने ही अट घालावी याची मला गंमत वाटली, पण ती मी सही करण्यापूर्वी वाचली होती आणि बिले ठेवत आहे.