पोराला सुट्टीत काय दाखवायचं? अर्विन, ग्रिल्स, स्ट्राउड की अ‍ॅटनबरो

ताई महिनाभर बाहेरगावी, त्यामुळे नऊ वर्षांचा भाचा धनकवडीत माझ्याकडे, आणि टीव्हीचा रिमोट कायम त्याच्या हातात. कार्टून नको म्हणून जंगलवाले प्रोग्रॅम लावले. कोण भारी यावर वाद घालत बसलो नाही, टीव्ही बंद झाल्यावर पोरगा काय करतो तेवढंच बघितलं.

ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह अर्विनपासून सुरुवात केली. खाकी शर्ट-चड्डी, मगरीच्या अंगावर उडी आणि प्रत्येक जनावर बघून लहान मुलासारखा आनंद. प्राण्यांवर जीव होता त्याचा, शंकाच नाही, बापाने काढलेला सरपटणाऱ्या प्राण्यांचा पार्क त्याने मोठ्ठा केला, जंगल राखायला जमिनी घेतल्या. पण २००६ मध्ये शूटिंगसाठी समुद्रात गेला असताना स्टिंगरे माशाचा काटा छातीत घुसून वारला, वय ४४. प्राण्यांची भीती घालवायची तर याच्यासारखा कोणी नाही. प्रॉब्लेम एवढाच की भीती जरा जास्तच जाते. दुसऱ्याच दिवशी आमचे साहेब पार्किंगमध्ये सरड्याची शेपटी धरून मला इंग्लिशमध्ये माहिती देत होते. आज सरडा, उद्या घोणस असली तर? तिला अजगराचं पिल्लू समजून हात घालणारी मोठी माणसं असतात, हा तर पोरगा. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला की लांब व्हायचं, हे आधी पाठ करून घेतलं.

बेअर ग्रिल्स हिंदी डबिंगमध्ये बघायला धमाल येते, हत्तीच्या शेणातून पाणी पिळून पितो, स्वतःची लघवीपण पितो, पोरं खिदळतात. माणूस खरंच तयारीचा आहे, ब्रिटिश सैन्याच्या एसएएस या कमांडो तुकडीच्या रिझर्व्हमध्ये होता, १९९८ मध्ये तेविसाव्या वर्षी एव्हरेस्ट चढला. पण २००७ मध्ये बाहेर आलं की जंगलात अडकलेला हा गडी काही रात्री हॉटेलात झोपत होता, मग काही प्रसंग मुद्दाम घडवलेले असतात अशी पाटी चॅनेलने टाकायला सुरुवात केली. करमणूक म्हणून ठीक, शिकवणी म्हणून नको. सिंहगड चढताना भाचा म्हणाला पाण्याची बाटली कशाला, आपण शोधू. उन्हाळ्यात, सिंहगडावर!

त्यापेक्षा लेस स्ट्राउड बघा, हा कॅनडाचा, याला कोणी फार ओळखत नाही. क्रू नाही, कॅमेरे स्वतःच घेऊन फिरतो, साधारण सात दिवस एकटा. पुढे चालत जातानाचा शॉट असला की समजायचं, याने कॅमेरा ठेवला, चालत गेला आणि परत येऊन तो उचलला, म्हणजे उपाशीपोटी तीच वाट तीनदा. स्लो आहे, भाच्याने दोनदा जांभई दिली. पण भूक लागल्यावर माणूस किती चिडचिडा होतो ते त्याला कळलं, आणि पुढच्या वेळी बाटली स्वतःच भरली.

बीबीसीवाल्या डेव्हिड अ‍ॅटनबरोची गोष्टच वेगळी. १९७९ च्या मालिकेत रवांडाच्या गोरिलांमध्ये बसलेला असतो, ते त्याच्या अंगाशी खेळतात आणि हा कुजबुजत बोलतो. हाही धुतल्या तांदळाचा नाही बरं का, २०११ मध्ये त्याच्या मालिकेतली पांढऱ्या अस्वलाची पिल्लं प्राणीसंग्रहालयात शूट केलेली निघाली. तरी माझं मत यालाच, कारण हा बघून पोरगा गॅलरीत जास्वंदीवर येणाऱ्या शिंजीर पक्ष्यासमोर वीस मिनिटं गप्प बसला. वीस मिनिटं! ताईला फोटो पाठवला तर तिला खरंच वाटेना.

थरार हवाच असेल तर आपल्या गावातली गोष्ट सांगा. पुण्याचे सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले, आणि पुढे कात्रजचं सर्पोद्यान त्यांच्यामुळेच उभं राहिलं. तमाशा होताच, पण साप उगाच चावत नाही हे लोकांना दाखवायला.

नाग गळ्यात घालून रील करणारे मात्र आमच्याकडे पूर्ण बंद.

आता रोज जेवताना अ‍ॅटनबरो, शनिवारी स्ट्राउड, अर्विन फक्त मी शेजारी असताना. ग्रिल्स तो शेजारच्यांकडे जाऊन बघतो, मला माहितीये. वनविभागाची हेल्पलाईन १९२६, अ‍ॅटनबरोचं जन्मसालही तेच, त्यामुळे नंबर त्याला एका दिवसात पाठ झाला.