पॅच की एसएमपी: वर टक्कल आणि मागे टाक्यांचा व्रण असेल तर

जुनं स्ट्रिपवालं हेअर ट्रान्सप्लांट (मागची कातडीची पट्टी काढून त्यातले केस वर लावतात ते) झालंय, वरचे केस पुन्हा गेलेत आणि मागे या कानापासून त्या कानापर्यंत पांढरी रेघ राहिलीय, अशांसाठी हे लिहितोय. डोनर एरियात, म्हणजे जिथून केस काढून घेतात त्या मागच्या भागात, आता काढण्यासारखं काही उरलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की मग हेअर पॅच, म्हणजे गमने डोक्यावर चिकटवायचे तयार केस, नाहीतर एसएमपी, म्हणजे सुईने डोक्यावर शाईचे बारीक बारीक ठिपके. मी आधी पॅच वापरला, आता एसएमपी आहे.

दिसण्यात पॅच उजवा, यात वाद नाही. भांग पाडता येतो, मागचे केस थोडे वाढवले की व्रण झाकला जातो, लग्नाच्या फोटोत कुणाला कळत नाही. एसएमपीने केस येत नाहीत, नुकतंच मशीन मारल्यासारखं दिसतं एवढंच, आणि ते तसं दिसत राहावं म्हणून उरलेले केस कायम झिरोवर ठेवावे लागतात, दर दोन-तीन दिवसांनी घरीच ट्रिमर फिरवायचा. विरळ लांब केसांच्या मधेही ठिपके भरून देतात, पण वरचं सगळं गेलं असेल तर त्याचा उपयोग नाही. ज्याला भांग हवाच आहे त्याने मला वाटतं पॅचच घ्यावा.

मी पॅच सोडला तो सर्व्हिसिंगमुळे. तीन-चार आठवडे झाले की पॅच काढा, गम साफ करा, खालचे वाढलेले केस काढा, परत चिकटवा. पुण्याच्या थंडीत हे चालून जातं पण मुंबईत मे महिन्यात आणि पावसाळ्यात घामाने पुढची कडा आधीच सुटायला लागते, आतून खाज येते आणि चारचौघांत खाजवताही येत नाही. मग कुठे जायचं म्हटलं की आधी ती तारीख बघायची. गणपतीला कोकणात जायचं तर निघायच्या आधी सर्व्हिसिंग उरकून घ्या, विसर्जनाला सगळे पाण्यात उतरले तरी आपण काठावर. आणि नमस्काराला वाकलं की आमच्याकडची मोठी माणसं डोक्यावरून हात फिरवतात, तेव्हा मी मान मागे घ्यायचो. आत्याला ते लागायचं, मला दिसायचं आणि कारण सांगता यायचं नाही. बाकी सगळं सोसलं असतं, हे नाही सोसलं.

एसएमपीनंतर सुरुवातीचे काही दिवस घाम, पोहणं बंद ठेवावं लागतं, ठिपके आधी गडद दिसतात, मग खपली जाऊन फिके होतात, म्हणून तर दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन सेशन करतात. त्यानंतर डोक्यावर पाणी घ्या, कुणी हात फिरवू दे, काही फरक पडत नाही.

व्रणाचं मात्र वेगळं आहे. तिथली कातडी शाई नीट धरत नाही, कुठे ठिपका पसरतो, कुठे महिन्याभरात उडून जातो, त्यामुळे माझ्या मागच्या रेघेला वरच्या भागापेक्षा जास्त वेळा बसावं लागलं. शिवाय रंग जुळला तरी उंचसखलपणा जात नाही, बाजूने उजेड पडला की जवळच्या माणसाला रेघ कळते. पण चार फुटांवरून नाही कळत, आणि मला तेवढं पुरतं. व्रण ताजा, लालसर असेल तर थांबा, आणि जखम भरताना कातडी फुगून गाठ येण्याची, म्हणजे केलॉइडची सवय असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

खर्चाचं म्हणाल तर पॅचचे पैसे थोडे थोडे पण कायम जातात, त्यात पॅच स्वतः पण झिजतो. एसएमपीचे एकदम जातात, मग उन्हाने रंग उतरतो म्हणून ४-५ वर्षांनी टचअप. उन्हात टोपी किंवा सनस्क्रीन हवंच.

करायचं ठरवलंत तर कपाळावरची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आणि खाली ओढलेली घेऊ नका, आज छान वाटते पण पन्नाशीला दाढी पांढरी झाल्यावर विचित्र दिसेल. काम करणाऱ्याकडे वर्षभरापूर्वीच्या गिऱ्हाइकांचे उन्हातले फोटो मागा, त्याच दिवशीचे नकोत, कारण सुई खोल गेली असेल किंवा शाई चुकीची असेल तर निळसर झाक नंतरच दिसते. आणि व्रणावर आधी छोटासा टेस्ट स्पॉट करून घेऊन महिनाभर थांबा. तो पसरला तर पॅचकडे जायला वाट मोकळी आहे, पण डोकंभर शाई भरल्यावर नको वाटली तर मग लेझरच करावं लागतं.