50 टक्के हिरवी शेडनेट: कासवांच्या हॅचरीवर कशी चालली

शेडनेटबद्दल शोधायला गेलं की सगळे अभिप्राय ढोबळी मिरचीचे, जरबेराचे, नाहीतर रोपवाटिकेचे. कासवांच्या हॅचरीवर, म्हणजे समुद्री कासवांची अंडी उचलून आणून उबायला पुरतात त्या किनाऱ्यावरच्या चौकोनावर, ती कशी चालते, ते कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. आणि जानेवारी संपत आला की आजूबाजूच्या किनाऱ्यांवरच्या पोरांचे फोन सुरू होतात, "दादा, जाळी कुठली घेऊ?" म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी दापोलीकडच्या एका गावात कासवमित्र आहे, म्हणजे कासवांची अंडी आणि पिल्लं सांभाळतो. घरची थोडी हापूसची कलमं आहेत, त्यामुळे जाळी बागेतही वापरली आणि वाळूतही.

माल असा: एचडीपीई प्लास्टिकची हिरवी जाळी, 50 टक्के (म्हणजे निम्मं ऊन अडवणारी), मोनो-मोनो (म्हणजे गोल तारेच्या विणीची), तीन मीटर पन्हा, पन्नास मीटरचा रोल. पाच हजारांच्या आत पडला, टेम्पोभाडं वेगळं. दुकानदार 75 टक्केवाली गळ्यात मारायला बघत होता. जेवढी सावली जास्त तेवढं बरं, हा त्याचा हिशोब. पालेभाजीला तो लागू असेलही. कासवाला नाही.

का नाही, ते सांगतो. कासवाचं अंडं घातलं जातं तेव्हा आत नर आहे की मादी, हे ठरलेलं नसतं. अंडी उबण्याचे दिवस तीन भागांत वाटले तर मधल्या भागात वाळू किती तापते त्यावर ते ठरतं. आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवासाठी 29 ते 31 अंशांच्या दरम्यान कुठेतरी निम्मे नर, निम्म्या माद्या. जागेनुसार आकडा थोडा इकडेतिकडे होतो. त्याच्या खाली नर वाढतात, वर माद्या. 35 च्या पुढे बराच काळ राहिलं तर अंडी आतच मरतात. चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेत, त्यांचं गणित उलटं: साडेबत्तीसच्या आसपास नर, त्याच्या खाली माद्या. म्हणजे एकाच नदीत वर मगरीचा हिशोब एक आणि खाली दाभोळच्या पुळणीवर कासवाचा दुसरा.

तेव्हा जाळी टाकताना आपण नुसती सावली करत नसतो. 75 टक्केवाली जानेवारीच्या थंडीत अख्ख्या हॅचरीवर ताणली, तर वाळू इतकी गार राहील की अंडी उबायला जास्त दिवस घेतील आणि नरांचीच भरती होईल. काहीच नाही टाकलं आणि मार्च तापला, तर उलट टोक. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची तपासणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात लहान कासवांमध्ये 99 टक्क्यांच्या वर माद्या निघाल्या आणि मोठ्यांमध्ये 87 च्या आसपास. आपल्या किनाऱ्यावर तसंच चाललंय असं मी म्हणत नाही. पिल्लू हातात घेऊन नर-मादी कळतच नाही. दर वर्षी एखादा पाहुणा विचारतोच, "हा मुलगा की मुलगी?" मी त्याला सांगतो, तो मोठा होऊन परत आला की बघू. मादी असेल तरच किनाऱ्यावर येईल, नर काही येत नाही.

आता प्रत्यक्ष फरक. माशांच्या टाकीला लावतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर मी वापरतो. दोन रिकामे खड्डे घरट्याइतकेच खोल, म्हणजे दीड फूट, खणून त्यांच्या तळाला टोकं पुरली, एक जाळीखाली आणि एक उघड्यावर. उन्हाच्या वेळी उघडी वाळू वरून पन्नाशीच्या पुढे जाते, चप्पल काढून उभं राहून दाखवा. जाळीखाली अनवाणी फिरता येतं. पण दीड फुटावर एवढा फरक पडत नाही, तिथे तो एक-दोन अंशांचाच. ऐकायला काहीच नाही, पण नर-मादीचा सगळा खेळ त्या एक-दोन अंशांतच आहे. शिवाय रिकामा खड्डा खरं सांगत नाही. शंभर-सव्वाशे अंडी एकत्र असली की शेवटच्या दिवसांत त्यांची स्वतःची ऊब वाढते आणि घरटं शेजारच्या वाळूपेक्षा गरम होतं. म्हणून खड्ड्यात 33 दिसले तर मी निवांत बसत नाही.

थर्मामीटर नसेल तर दिवस मोजा. गार वाळूत पिल्लं पंचावन्न-साठ दिवसांनी वर येतात, तापलेल्या वाळूत पंचेचाळीसच्या आसपास. फेब्रुवारीत घातलेली अंडी फारच लवकर फुटायला लागली, तर वाळू काय म्हणतेय ते समजून घ्यायचं.

2025 च्या फेब्रुवारीच्या शेवटी कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता, आठवत असेल. तसल्या दिवसांत पूर्वेकडून गरम वारा वाहत राहतो आणि खारा वारा सुटायला उशीर करतो. शेडनेटची किंमत अशा वेळी वसूल होते.

एक गंमत मात्र पाकिटावर कुणी छापणार नाही. पिल्लं अंड्यातून फुटली तरी लगेच वर येत नाहीत. वाळूच्या थोडं खाली थबकतात. वरचा थर तापलेला असला की त्यांची हालचाल मंदावते आणि तो गार झाला की सगळी मिळून उसळतात, म्हणून बहुतेक वेळा रात्री नाहीतर पहाटे. रणरणत्या उन्हात पुळण ओलांडायची वेळ येऊ नये म्हणून केलेली ही सोय. जाळीखाली वरचा थर फारसा तापतच नाही, त्यामुळे पिल्लांचा अंदाज चुकतो. पिल्लं इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून आम्ही घरट्यावर टोपली पालथी घालतो. आमच्याकडे जाळीखालच्या टोपलीत भर दुपारी पिल्लं आलेली आहेत. सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला टोपल्या उचलायची ज्यांची सवय आहे, त्यांनी जाळी लावल्यावर दुपारी जेवून एक फेरी मारलीच पाहिजे. नाहीतर टोपलीखाली ती सुकतात. अशी आलेली पिल्लं ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवायची आणि ऊन उतरल्यावर सोडायची.

बांधणीबद्दल. जाळी सहा-सात फूट उंच ताणा. कमरेएवढी ताणली तर खाली हवा कोंडते. बांबू चालतात, पण पुळणीत दोन फूट तरी रोवा. सुतळी आठवड्यात सैल होते आणि बांधायची तार खाऱ्या हवेत महिनाभरात गंजून तुटते, नायलॉनची दोरी वापरा. आयलेट (काठाला दोरी ओवायची कडी) असलेली जाळी मिळाली तर थोडे पैसे जास्त द्या.

आता तक्रार. काठ. मी घेतलेल्या जाळीचा कापलेला काठ वाऱ्याने फडफडून उसवला आणि हिरव्या बारीक तारा वाळूत पडायला लागल्या. रोपवाटिकेत याचं काही नाही. हॅचरीत तीन बोटांएवढ्या पिल्लाच्या वल्ह्यात अशी तार अडकली तर संपलंच. एकाच्या मानेभोवती आलेली मी नखाने सोडवली आहे. तेव्हापासून काठ दुमडून शिवल्याशिवाय जाळी पुळणीवर न्यायची नाही, हा आमच्याकडे नियमच. गोणपाटाची सुई आणि नायलॉन दोरा, घरी बसून होतं. टेप-टेप विणीची जाळी स्वस्त मिळते, पण तिच्या चपट्या पट्ट्या फाटल्या की तुकडे होऊन उडतात. ती घेऊच नका. काळी पण नको, ती स्वतःच तापते. आणि "पाच वर्षं ऊन सोसेल" असं दुकानात सांगितलं होतं. समुद्रावरच्या उन्हात आणि खारात तिचा रंग दुसऱ्याच हंगामात उतरला, हाताने ताणली तर काही ठिकाणी करकरते. मी तिला तीन हंगाम धरून चालतो.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यावरून माझं दोन-तीन गावांशी जमत नाही. अख्खी हॅचरी झाकू नका.

मादी स्वतः येते तेव्हा काय करते बघा. कुणी सुरूच्या कडेला सावलीत खणते, कुणी उघड्यावर, कुणी भरतीच्या रेषेला लागून ओलीत. कुणी नोव्हेंबरात येते, कुणी मार्चात. एकीचं घरटं तापतं, दुसरीचं गार राहतं, आणि एकूणात नर-मादी जमून जातात. इतक्या कोट्यवधी वर्षांत तापमान कमी-जास्त झालं तरी समुद्री कासवं टिकली ती या विखुरण्यामुळेही. आपण कुत्रे, कोल्हे, भरती आणि माणसं यांच्या भीतीने सगळी अंडी उचलून एका चौकोनात ओळीने लावतो. ते करायलाच हवं, वेळासला 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने काम सुरू केलं त्याआधी कोकणातली अंडी बाजारात आणि ताटात जात होती. पण त्या चौकोनात मादीची निवड संपते. सगळ्यांना तेच ऊन नाहीतर तीच सावली. आणि रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षं घेते, म्हणजे आज एकाच साच्यातली पिल्लं सोडली तर ते कळायला एक पिढी जाईल.

म्हणून माझी मांडणी अशी: चौकोनाच्या एका बाजूला जाळी, एक बाजू उघडी, मधली पट्टी सकाळी उन्हात आणि दुपारी सावलीत राहील अशी. डिसेंबरची घरटी उघड्यावर, फेब्रुवारीपासूनची मुख्यतः जाळीखाली, पण त्यातलीही काही मधल्या पट्टीत. थोड्या माद्या जास्त निघाल्या तर आभाळ कोसळत नाही, एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि एकाच घरट्यात एकाहून जास्त बापांची पिल्लं सापडतात. एकही नर नाही, असं मात्र व्हायला नको. पाणी शिंपडण्याचा उपायही काही जण करतात. जाळीखाली ओल टिकते, तेव्हा हात आखडता ठेवा. जास्त पाण्याने अंड्यांवर बुरशी धरते.

रत्नागिरीच्या काळ्या समुद्रासारखी गडद वाळू ज्यांच्याकडे आहे, त्यांची वाळू आमच्यापेक्षा जास्त तापणार. त्यांनी माझे आकडे उचलू नयेत, आपला थर्मामीटर पुरावा. जाळी ताणण्याआधी वनखात्याच्या माणसाला विचारा. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधलं आहे आणि हॅचरी आपल्या परड्यासारखी नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा काठाचा कापला, एक त्या पाच वर्षांच्या थापेचा. काठ शिवून देणारा दुकानदार सापडला तर चार देईन. मे महिन्यात हॅचरी आवरली की हीच जाळी मी कलमांच्या रोपांवर टाकतो. तिथे मात्र पुढच्या वेळी 75 टक्केवाली घेणार आहे.