आधी मीटर, मग स्क्रूड्रायव्हर: बेळगावातली फिल्म कॅमेऱ्याची दुरुस्ती

फिल्मचा जुना एसएलआर (आतल्या आरशामुळं लेन्समधूनच बघता येणारा कॅमेरा), त्यातही सेलवर चालणारा, बंद पडला तर बेळगावात तो कुणाकडं न्यायचा, असं मला बरेच जण विचारतात. निपाणीहून विचारतात, खानापुराहून विचारतात, चंदगडकडनंही फोन येतात. बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या दुकानात एकच उत्तर मिळालेलं असतं: "इलेक्ट्रॉनिक आहे, सर्किट गेलंय, होत नाही." माझं उत्तर वेगळं आहे. होतं. खडे बाजाराच्या आतल्या एका बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक मामा आहेत, ते करतात. दुकानाला पाटी नाही. हातात आधीच भरपूर काम आहे म्हणून नाव टाकू नका असं त्यांनी सांगितलंय, ते मी पाळतो. जुन्या रेडिओंचं दुकान कुठं आहे म्हणून विचारलं की आजूबाजूचे दाखवतात.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. दिवसभर कंट्रोल पॅनेल, २४ व्होल्टचे सेन्सर, रिले असलंच काम. त्यामुळं समोरचा माणूस मोजून बोलतोय की अंदाजानं, हे मला लगेच कळतं. मामा मोजून बोलतात. मला त्यांच्याबद्दल सांगायचंय ते मुख्यतः हेच.

माझा कॅमेरा निकॉन एफई, १९७८ साली बाजारात आलेलं मॉडेल. व्ह्यूफाइंडरमध्ये डावीकडं दोन सुया: हिरवी सुई तुम्ही लावलेला स्पीड (शटर किती वेळ उघडं राहणार ते) दाखवते, काळी सुई कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला योग्य वाटणारा. दोन्ही एकमेकींवर आणल्या की एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, बरोबर. शटर ८ सेकंदांपासून १/१००० पर्यंत, आणि ही सगळी वेळ इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. मला हा कॅमेरा मनापासून आवडतो. काळ्या सुईची हालचाल बघून उजेड किती बदलतोय हे जितकं चटकन कळतं, तितकं लाल दिव्यांच्या मीटरवर कधीच कळत नाही.

माझ्याकडं आला तेव्हा त्याचं दुखणं असं होतं की कधी चालायचा, कधी आरसा वर जाऊन तिथंच अडकायचा. काळी सुई मधूनच नाचायची. नवे सेल घातले तरी फरक नाही. आधी दुसऱ्या गावात एका दुकानात दाखवला होता. तिथं न उघडताच "बोर्ड गेला, पार्ट म्हणून विकून टाका" असं सांगितलं.

मामांनी कॅमेरा हातात घेतला आणि पहिल्यांदा काय केलं? डायल एम ९० वर फिरवली. आरसा खट्कन खाली आला. मग त्याच स्पीडला चार-पाच वेळा शटर उडवलं. "एम नव्वदला उडतंय न्हवं? मग यंत्र चांगलं हाय. वीज कुठं अडतीय तेवढं बघूया की."

एफईची रचना माहीत नसेल तर यातली खुबी कळणार नाही. या कॅमेऱ्यात १/९० सेकंदाचा एक स्पीड (डायलवर एम ९०) आणि बी (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं), हे दोनच सेलशिवाय चालतात, पूर्ण यांत्रिक. बाकीच्या स्पीडला वीज कमी पडली की आरसा वर अडकतो, आणि डायल एम ९० किंवा बी वर नेली की सुटतो. म्हणजे एकही स्क्रू न काढता अर्धा कॅमेरा संशयातून बाहेर. स्प्रिंगा, गिअर, शटरची पाती सगळं ठीक. दोष असणार तो वीजपुरवठ्यात किंवा सर्किटात. पॅनेलवर आम्ही हेच करतो: बिघाड आधी अर्ध्या भागात कोंडायचा, मग त्या अर्ध्याचा अर्धा.

मग सेल. एसआर४४ चे दोन नवे सेल मिळून ३.१ व्होल्ट दाखवत होते. इथं बहुतेक माणसं थांबतात आणि म्हणतात, सेल चांगले आहेत, म्हणजे बोर्ड गेला. मामांनी खालची प्लेट काढली, फिल्म पुढं नेणारा लिव्हर बाहेर ओढून कॅमेऱ्याचा मीटर चालू केला, आणि चालू अवस्थेत दोन ठिकाणी व्होल्टेज घेतलं. सेलच्या खोबणीत जवळजवळ तेवढंच. सर्किटला वायर जिथं जोडलीय तिथं मात्र सव्वादोन. मधे पाऊण व्होल्ट गायब. लोडशिवाय, म्हणजे कॅमेऱ्याचा मीटर बंद ठेवून, मोजलं असतं तर दोन्हीकडं सारखंच आलं असतं आणि काहीही कळलं नसतं.

वायरवरचं आवरण सोललं तर आत तांबं हिरवंगार. कधीकाळी कुणीतरी सेल आत ठेवून कॅमेरा कपाटात टाकला असणार. अल्कलाइन सेल फुटला की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि वायरच्या तारांमधनं आवरणाच्या आतनं वर वर सरकत जातं. खोबण कुणीतरी घासून चकचकीत केली होती, म्हणून वरून सगळं छान दिसत होतं. आत मात्र वायर कुजलेली. शटरच्या मॅग्नेटनं करंट मागितला की तिथंच व्होल्टेज कोसळायचं आणि आरसा अडकायचा. मामांनी वायर पूर्ण बदलली. सोल्डरची जागा पांढऱ्या व्हिनेगरनं पुसली, कारण क्षार मारायला आम्ल लागतं, आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतली.

नाचणाऱ्या सुईचं कारण वेगळंच निघालं. लेन्सवर कुठलं अ‍ॅपर्चर लावलंय (आतलं भोक किती उघडं) हे सर्किटला सांगायला माउंटभोवती, म्हणजे लेन्स बसते तिथं, एक रिंग असते. ती फिरली की कार्बनच्या पट्ट्यावरनं एक बारीक ब्रश सरकतो आणि रेझिस्टन्स बदलतो. त्या पट्ट्यावर धूळ आणि जुनं ग्रीस बसलं की ब्रश मधेमधे उचलला जातो आणि सुई उडते. हा पट्टा साफ करायचा तर मऊ ब्रश आणि अल्कोहोल, एवढंच. सँडपेपर लावला तर कार्बनच निघून जाईल. तेलकट स्प्रे मारला तर तो पसरत शटरच्या पात्यांवर जातो आणि पाती चिकटतात. मामांनी ते काम डोळ्याला भिंग लावून सावकाश केलं. मी शेजारी उभा होतो. एक शब्द बोलले नाहीत.

हे मी स्वतः का केलं नाही, असं मला कामावर विचारतात. पॅनेलमधली वायर जाड असते, तिला ओढलं तरी चालतं. या कॅमेऱ्यांत फ्लेक्स असतो, प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर छापलेलं सर्किट. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं तर तांबं पट्टीवरनं सुटून येतं आणि ते परत बसत नाही. आयसींना, म्हणजे सर्किटातल्या चिपांना, स्थिर विजेचीही भीती. मामांचं आयर्न तापमान लावता येणारं आहे, टोकाला अर्थिंग आहे. आणि ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स, मोजताना ते आधी सेल काढतात. काट्याचा जुना मल्टिमीटर ओहमवर असताना स्वतःच्या सेलमधनं करंट ढकलतो, मोठ्या रेंजवर तर बऱ्याच मीटरांत ९ व्होल्टचा सेल लागतो. ३ व्होल्टच्या आयसीला ते झेपेल असं नाही. म्हणून बोर्डावर ते डिजिटल मीटरच वापरतात. ही काळजी मी फार थोड्या लोकांकडं बघितलीय.

शेवटी शटरची चाचणी. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून तिथं फोटोट्रान्झिस्टर (उजेड ओळखणारा पार्ट), पुढून दिवा, आणि जोडणी ऑसिलोस्कोपला, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला. १/१००० म्हणजे पडद्यावर १ मिलिसेकंदाचा ठोकळा दिसायला पाहिजे. माझा त्याच्या अगदी जवळ आला. कापडी पडद्याच्या, आडव्या धावणाऱ्या शटरसाठी त्यांची आणखी एक तऱ्हा आहे, तीही बघण्यासारखी. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालू करतात आणि कॅमेऱ्याच्या मागनं त्याच्याकडं बघत शटर उडवतात. आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या टीव्हीची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत रेखाटली जाते, म्हणून १/१००० ला साधारण १५-१६ ओळींचा तिरका पट्टा दिसतो. पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद झाला तर दोन पडदे सारख्या वेगानं धावत नाहीत. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याचं काम कसं जमतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा बघावं.

त्यांच्याकडं येणाऱ्या बाकी कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. मिनोल्टा एक्स-७०० (१९८१) चा एक आजार जगभर माहीत आहे: व्ह्यूफाइंडरमधले दिवे लागतात, पण बटण दाबलं तरी शटर सुटत नाही. शटर सोडणाऱ्या मॅग्नेटला एका झटक्यात लागणारा करंट साठवणारा तळातला २२० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकून जातो. मामा त्या जागी टॅन्टलमचा कपॅसिटर घालतात, तेही प्लस-मायनस दोनदा तपासून, कारण टॅन्टलम उलटा बसला तर जळतो. कॅनन एई-१ (१९७६) शटर उडताना चीं चीं करतो, ते लोक सर्किटचा दोष समजून आणतात. तो आरशाच्या गिअरमधल्या सुकलेल्या तेलाचा आवाज असतो. मामा सर्किटला हात न लावता योग्य जागी थेंबभर तेल घालतात आणि पैसे तेवढ्याचेच घेतात.

आणि पाऱ्याच्या सेलचे कॅमेरे. मिनोल्टा एसआर-टी १०१ सारख्या कॅमेऱ्याचं मीटर १.३५ व्होल्टच्या पीएक्स६२५ वर जुळवलेलं. तो सेल आता मिळत नाही. १.५ चा अल्कलाइन घातला की मीटर चुकतं, आणि सेल जसा उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते. मामा खोबणीच्या वायरमध्ये एक शॉटकी डायोड बसवतात. तो साधारण ०.२ व्होल्ट खातो आणि १.५५ चा सिल्व्हर सेल १.३५ च्या आसपास येतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कुणी याच कामासाठी घेऊन आला तर मात्र परत पाठवतात: "ह्याला कशाला डायोड? ब्रिज सर्किट हाय, व्होल्टेज हललं तरी मीटर हलत न्हाई. तसंच वापरा."

सेलबद्दल माझंही एक सांगणं आहे. घड्याळवाल्याकडं सेल मागितला की एलआर४४ हातात येतो. मापानं तो आणि एसआर४४ सारखेच, पण एलआर अल्कलाइन, त्याचं व्होल्टेज हळूहळू घसरतं. एसआर सिल्व्हर ऑक्साइडचा, तो शेवटपर्यंत १.५५ च्या जवळ राहतो आणि मग एकदम संपतो. मीटरसाठी एसआरच चांगला. पैसे थोडे जास्त पडतात, पडू देत. कॅमेरा महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. आमच्याकडचा पाऊस जूनला सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत कपाटात ओल असते, आणि ओलीत गंज फार लवकर धरतो.

आता उण्या बाजू. वेळ लागतो, आणि किती लागेल हे मामा सांगत नाहीत. फोनवर विचारलं तर चिडतात. लेन्समधली बुरशी ते काढत नाहीत, प्रिझमला हात लावत नाहीत. दार आणि आरशापाशी असणारा फोम विरघळून चिकट झालेला असेल तर काढून देतात, पण नवा फोम आपण आणून द्यायचा. आयसी स्वतः गेली असेल तर त्यांच्याकडंही उपाय नाही. त्याच मॉडेलचा दुसरा बंद कॅमेरा तुमच्याकडं असेल तरच ते बदलायला तयार होतात. माझ्या एका मित्राचा कॅमेरा असाच परत आला. कुठल्या पिनपर्यंत सिग्नल येतोय आणि कुठून पुढं जात नाही, हे कागदावर लिहून दिलं होतं. घेतले फक्त तपासणीचे २०० रुपये.

माझ्या एफईचे सगळे मिळून १,८०० रुपये झाले. वायर, कार्बन पट्ट्याची सफाई, शटरची चाचणी आणि मीटरची जुळवणी, यासाठी हे जास्त नाहीत; माझ्या मते कमीच आहेत. पावती मिळत नाही, पण बदललेली कुजकी वायर आणि मोजलेल्या व्होल्टेजचा कागद पिशवीत घालून देतात. मला पावतीपेक्षा तो कागद महत्त्वाचा वाटतो. परत बिघाड झाला तर सुरुवात कुठून करायची ते त्यात लिहिलेलं असतं.

जाणार असाल तर गणपतीच्या आधीचा महिना टाळा. तेव्हा मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर रांगेत असतात आणि कॅमेरा मागं पडतो. दिवाळीनंतर गेलात तर बरं. कॅमेऱ्याबरोबर लेन्स न्या, कारण रिंगचा दोष लेन्सशिवाय दिसत नाही. नेमकं काय होतंय ते चिठ्ठीवर लिहून न्या: कुठल्या स्पीडला, सेल कुठला, थंड असताना की ऊन लागल्यावर. "चालत नाही" एवढंच सांगितलंत तर मामा कॅमेरा ठेवून घेतील, पण तो रांगेत सगळ्यात शेवटी जाईल.