केंद्रातला वर्ग की दारातली साथी?

२०१७ साली मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात घरटी एका व्यक्तीला प्रशिक्षण केंद्रात २० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर प्रमाणपत्र मिळत असे. गूगल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘इंटरनेट साथी’ उपक्रमात मात्र प्रशिक्षित बाई फोन आणि टॅबलेट घेऊन सायकलवरून बायकांच्या दारी इंटरनेट शिकवायला जाई. अभियानाचा आवाका मोठा होता, उद्दिष्टच ६ कोटी घरांचे. पण घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर प्रमाणपत्र मिळालेली बाईही पिन टाकताना बोट मागे घेते. ओसरीवर, ओळखीच्या बाईशेजारी बसून तेच बटण दहादा दाबून पाहिले की भीती सरते, म्हणून मला साथीची पद्धत निश्चितच उजवी वाटते.