‘पेंगाब्दी सेतान’: सातव्या वाढदिवसाची वायदेवसुली

इंडोनेशियन दिग्दर्शक जोको अन्वर यांचा ‘पेंगाब्दी सेतान’ (म्हणजे ‘सैतानाचे सेवक’, २०१७) निव्वळ भुताचा सिनेमा समजून लावलात, तर सुरुवातीला चुळबुळ होईल. कारण तो सुरू होतो पैशापासून. साल १९८१. मावार्नी ही एके काळची नावाजलेली गायिका तीन वर्षांहून जास्त काळ अंथरुणाला खिळलेली आहे. थोरली मुलगी रिनी आईच्या गाण्यांची रॉयल्टी मागायला रेकॉर्ड कंपनीत जाते आणि रिकाम्या हाताने परत येते. औषधपाण्यात होतं नव्हतं ते संपलंय. नवरा, चार पोरं, अंथरुणातली बायको, असा सगळा संसार आजीच्या जुन्या घरात आलाय. ज्यांच्या घरात लांबलेलं आजारपण होऊन गेलंय, त्यांना ही सुरुवात भुतांपेक्षा जास्त टोचेल. सिनेमा उभा राहतो तो याच पायावर. पुढे जे काही दार वाजवतं, ते आधीच खचलेल्या घराचं दार वाजवतं.

आता मूळ करार. मावार्नीला लग्नानंतर मूल होत नव्हतं आणि गाणारी सून सासूला मनापासून कधी पटलीच नाही. मग ती सैतानाला भजणाऱ्या एका पंथाच्या वाटेला गेली. पोरं झाली, पण शब्द असा दिलेला की शेवटचं पोर सात वर्षांचं झालं की त्याला न्यायला ‘ते’ येतील. हे आधी कळल्याने सिनेमा बिघडत नाही, उलट धाकट्या इआनच्या वाढदिवसाकडे आपण पहिल्यापासून डोळे लावून बसतो. टेकडीच्या गणपतीला नाहीतर कोराडीच्या देवीला नवस बोलणाऱ्या नागपूरकराला यातली मेख लगेच कळेल. नवस बोलणाऱ्याने फेडायचा असतो. इथे बोलली आई आणि फेडायचा पोराने. पोटची पोर खंडोबाला मुरळी म्हणून सोडायची आपल्याकडची जुनी चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा करार इंडोनेशियातला वाटणारच नाही. सिनेमा मावार्नीला सरळ खलनायिका करत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. ‘मूल का नाही’ म्हणून तिला कोणी छळलं, याचा हिशेबही तो मांडतो.

घराची मांडणी नीट बघून ठेवा, कारण दिग्दर्शक तिचा पुरेपूर वापर करतो. आईची खोली वेगळी, घरातच विहीर, आणि जवळच कबरस्तान. बाहेर जाऊन घाबरायची गरजच नाही. चित्रीकरण पश्चिम जावातल्या पंगालेंगान या थंड, चहामळ्यांच्या भागातल्या जुन्या घरात झालंय, आणि ते धुकं, ती ओल पडद्यावर जाणवते. छायाचित्रण इचाल तांजुंग यांचं. त्यांनी काळोख भरून टाकलेला नाही, कोपऱ्यात थोडा उजेड ठेवलाय आणि नजर आपोआप तिथेच जाऊन अडकते.

सगळ्यात भारी वस्तू म्हणजे आईच्या हातातली छोटी घंटी. तिला उठता येत नाही, म्हणून काही हवं असलं की ती घंटी वाजवते. आई गेल्यावरही घंटी वाजते, एवढ्यावर कुणीही दिग्दर्शक थांबला असता. अन्वर एक पाऊल पुढे गेलेत. इआनला ऐकू येत नाही, तो खाणाखुणांनी बोलतो. म्हणजे घरभर धोक्याची सूचना वाजत असताना ज्याला न्यायला कोणी येणार आहे, त्या एकट्यालाच ती कळत नाही. बहीण-भाऊ त्याच्याशी हातांनी बोलतात ते प्रसंग म्हणूनच लक्ष देऊन बघा. तिथे तोंडी संवाद नाहीत, आणि सबटायटल वाचायच्या नादात हातांकडे दुर्लक्ष होतं. मुहम्मद अधियात या पोराला या भूमिकेसाठी बालकलाकाराचा चित्रा पुरस्कार (इंडोनेशियाचा मानाचा चित्रपट पुरस्कार) मिळाला, तो उगाच नाही. २०१७ च्या इंडोनेशियन चित्रपट महोत्सवात सिनेमाला १३ नामांकनं आणि ७ पुरस्कार मिळाले. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी हेही त्यात होते.

ध्वनीचं नाव निघालंच आहे तर नागपुरातली खरी अडचण सांगायला हवी, ती म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये खिडकीतला डेझर्ट कूलर फुल स्पीडवर घरघरत असतो आणि त्या एकसारख्या घोंघाटात हळू आवाज पार बुडून जातात. या सिनेमाची अर्धी भीती नेमकी त्याच आवाजांत आहे: लांबून येणारी घंटी, लाकडी फरशीवरची पावलं, विहिरीतलं पाणी. मग आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, आणि पुढच्या दचक्याला स्पीकर फाटतो, शेजारीही उठतात. उपाय साधा आहे. साडेआठपासून कूलर जोरात चालवून खोली गार करून घ्या, साडेनऊला सिनेमा लावताना तो लो वर टाका आणि पंखा चालू ठेवा. सिनेमा १०७ मिनिटांचा आहे, सव्वाअकराच्या सुमारास सुटका होते. कूलर झाकून ठेवलेल्या महिन्यांत, दिवाळीनंतर, बघितलात तर सर्वात उत्तम. पावसाळ्यात मात्र टिनाच्या छपराखाली बघू नका. शेवटाकडच्या प्रसंगात पडद्यावर पाऊस आहे आणि बाहेरचा कुठला, आतला कुठला हे कळेनासं होतं. (काहींना नेमकं तेच आवडेल म्हणा.)

टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा. ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू असेल तर बंद करा. त्याने हळू आणि मोठे आवाज एका पातळीवर येतात आणि घंटी कुकरच्या शिटीइतकीच ठळक होऊन बसते. दुसरं म्हणजे चित्राचा ‘व्हिव्हिड’ मोड. त्यात काळा रंग राखाडी दिसतो आणि ज्या कोपऱ्यात काहीतरी उभं आहे असं वाटायला हवं, तो कोपरा नुसता धुरकट दिसतो. ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा आणि खोलीतली ट्यूबलाइट घालवा. मोबाइलवर बघायचाच असेल तर हेडफोन लावून बघा, बारक्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतली गुरगुर येतच नाही.

सबटायटल वाचायची सवय नसलेल्यांना एका ठिकाणी अडखळायला होईल. आजीचा जुना मित्र, गूढ गोष्टींवर लेख लिहिणारा बुदीमान रिनीला सगळा इतिहास सांगतो, तो प्रसंग माहितीने ठासून भरलाय. तिथे चहा करायला उठू नका, वाटल्यास थांबवून वाचा. सिनेमाची कमजोरीही इथेच आहे. कराराचे नियम आपल्याला घडताना दिसत नाहीत, बुदीमानच्या लेखातून कळतात, आणि पुढे दुसरा लेख येऊन तेच नियम बदलतो. इतका वेळ घरातल्या माणसांच्या भरवशावर चाललेली गोष्ट अचानक कागदावर येते. शेवटची पाच-सहा मिनिटंही दुसऱ्या भागाची जाहिरात वाटतात. दचकवायच्या क्लृप्त्या पहिल्या तासात नेमक्या बसतात, नंतर त्यांतल्या काही पुन्हा वापरल्याचं लक्षात येतं.

धर्माच्या बाबतीत मात्र सिनेमा धाडसी आहे. मूळ ‘पेंगाब्दी सेतान’ १९८० सालचा, सिसवोरो गौतम पुत्रा यांचा. त्यात शेवटी धर्मगुरू येतो आणि सैतानाला पळवून लावतो. इंडोनेशियन भयपटांचा तो ठरलेला साचा होता. २०१७ च्या कथेतलं कुटुंब नमाज न पढणारं आहे, उस्ताद (मुस्लिम धर्मशिक्षक) घरी येऊन धीर देतात, आणि आपणही त्याच जुन्या शेवटाची वाट बघत राहतो. त्या अपेक्षेचं अन्वर काय करतात ते पडद्यावरच बघा. कफनात गुंडाळलेली प्रेतं दिसतात तेव्हा एवढं लक्षात ठेवा: तिकडच्या समजुतीप्रमाणे दफनाच्या वेळी कफनाच्या गाठी सोडायच्या राहिल्या तर मृताची सुटका होत नाही. त्याला ‘पोचोंग’ म्हणतात. हे ठाऊक नसेल तर ती आकृती म्हणजे नुसतं पांढरं गाठोडं वाटतं आणि भीती निम्मी होते.

अभिनयात तारा बास्रोची रिनी सगळ्यांच्या वर. घाबरलेली थोरली बहीण करणं सोपं आहे, पण घाबरून चालणार नाही हे ओळखून भावंडांना जेवायला बसवणारी थोरली बहीण तिने केलीये. वडिलांच्या भूमिकेत मलेशियाचा ब्राँट पालाराए ठीक आहे, पण बाप कामासाठी शहरात निघून जातो तेव्हा राग त्या पात्राचा येतो, नटाचा नाही, हेही त्याचंच यश. आयू लक्ष्मी यांना आईच्या भूमिकेत बोलायला फारसं नाही आणि गरजही नाही.

मुलांना दाखवायचा की नाही? बारा-तेराच्या आतल्यांना नको. रक्तपात सतत नाही, पण मोटारसायकलच्या अपघाताचा एक प्रसंग बराच अंगावर येणारा आहे, आणि आई परत येते ती प्रेमाने नाही, ही कल्पनाच लहान पोरांना झोपू देणार नाही. सासू-सून दोघींनी एकत्र बघावा का, हे ज्याच्या-त्याच्या घरावर सोडलेलं बरं.

इंडोनेशियात सिनेमाचं यश पैशांत नव्हे तर प्रेक्षकसंख्येत मोजायची पद्धत आहे. त्या हिशेबात याला ४२ लाखांवर प्रेक्षक मिळाले. २०२२ चा ‘पेंगाब्दी सेतान २: कम्युनियन’ ६० लाखांच्या पुढे गेला. तो ११९ मिनिटांचा आहे, आयमॅक्स पडद्यांवरही दाखवला गेलाय आणि आजीच्या घराऐवजी १९८४ सालच्या एका बहुमजली वसाहतीत घडतो. त्यातला लिफ्टचा प्रसंग मोठ्या पडद्यावर बघण्यासारखा आहे, पण घरगुती जिव्हाळा कमी झालाय. क्रम मात्र उलटा करू नका. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला १९५५ सालचं बांडुंग शहर आणि वेधशाळेतली प्रेतं दिसतात, आणि पहिला भाग न बघता त्याचा अर्थ लावायला बसलात तर अर्धा तास नुसते एकमेकांना ‘हे कोण?’ विचारत राहाल.